स्मार्ट खुर्ची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम दिवसभर बसून करायचं. वर्षभरापूर्वी कंबरेने असहकार पुकारला, तेव्हा मी बसण्याची ढब ओळखणारी आणि चुकलं की इशारा देणारी खुर्ची घेतली. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्यावर बसून बघतो आणि मग साधारण हेच प्रश्न विचारतो. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली आहेत, म्हणून ती एकदाची लिहून काढली.

साध्या खुर्चीपेक्षा हिच्यात वेगळं काय असतं?

बाहेरून बघाल तर फार काही नाही. बैठकीच्या गादीखाली आणि बहुतेकदा पाठीच्या भागातही दाब मोजणारे सेन्सर, ते वाचणारी एक छोटी चिप, एक बॅटरी आणि फोनशी बोलायला ब्लूटूथ. काहींत कंप देणारी मोटर असते, तशीच फोनमध्ये असते ना, तीच. महागड्या प्रकारांत कंबरेमागे हवेची पिशवी असते. ती फुगते आणि बसते. हे सगळं काढून टाकलं तर उरते ती खुर्ची, आणि ती मुळात कशी आहे यावर निम्मा खेळ अवलंबून असतो. ही गोष्ट जाहिरातीत शेवटच्या ओळीत असते.

मी पोक काढून बसले आहे हे तिला कळतं कसं? कॅमेरा असतो का?

कॅमेरा नसतो. खुर्चीला तुम्ही दिसत नाही, तुमचं वजन कुठे पडतंय तेवढंच कळतं. आपण बसतो तेव्हा बहुतेक भार कुल्ल्यांच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. तळहात उताणा ठेवून त्यावर बसून बघा, दोन टणक टोकं लगेच लागतील. सरळ बसलात की ती दोन ठिकाणं ठळक आणि जवळजवळ सारखी उमटतात. उजवा पाय डाव्यावर टाकलात की एक फिकं पडतं. खुर्चीच्या कडेवर सरकून पुढे वाकलात की भार मांड्यांकडे जातो आणि पाठीचा भाग रिकामा होतो. पुढे घसरून रेललात तर पाठीच्या वरच्या भागावर दाब येतो आणि कंबरेमागे पोकळी राहते. असे आठ-दहा नमुने चिपला आधी शिकवलेले असतात. तुमचा नमुना त्यातल्या कशाशी जुळतो ते ती बघते.

सेन्सरचे प्रकार साधारण तीन. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे प्लास्टिकची पातळ चकती, जिच्यावर दाब पडला की तिचा विद्युतरोध कमी होतो. दुसऱ्यात दोन वाहक पापुद्रे आणि मध्ये फोम असतो. फोम दबला, अंतर घटलं की धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढते. तिसरा म्हणजे लोड सेल, वजनकाट्यात असतो तोच. तो सगळ्यात भरवशाचा, पण जाड, आणि एकूण वजन उत्तम सांगत असला तरी त्या वजनाचा नकाशा काढायला चार कोपऱ्यांत चार सेल पुरत नाहीत. काही खुर्च्यांत पाठीच्या भागात अंतर मोजणारा सेन्सरही असतो. तुमची पाठ टेकली आहे की चार बोटं पुढे आहे, हे तो सांगतो. माझ्या मते हाच सगळ्यात उपयोगी, कारण संध्याकाळी पाचनंतर माझी पाठ आणि खुर्ची यांची भेटच होत नाही.

हे तंत्र नवीन आहे का?

नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या हाँग टॅन यांनी सहकाऱ्यांसोबत बनवलेल्या 'जाणणाऱ्या खुर्ची'वरचा शोधनिबंध २००१ चा आहे. त्यांनी बैठकीवर आणि पाठीवर दाबनकाशाच्या चादरी पसरल्या होत्या. एकेका चादरीत ४२ गुणिले ४८, म्हणजे दोन हजारांहून जास्त मोजबिंदू. चेहरा ओळखण्यासाठी वापरलं जाणारं गणित त्यांनी बसण्याच्या ठशांना लावलं. २००७ मध्ये बिल्गे मुतलू आणि त्यांच्या सहसंशोधकांनी दाखवलं की जागा नीट निवडल्या तर १९ सेन्सरांतही बऱ्यापैकी काम भागतं. तिथून ही गोष्ट घरात आणण्याजोगी झाली.

ती चुकते का?

चुकते, आणि कुठे चुकते ते समजून घेतलं तर मनस्ताप वाचतो. टॅन यांच्या त्या खुर्चीने ज्यांच्या ठशांवर ती शिकली होती त्यांची ढब सुमारे ९६ टक्के वेळा बरोबर ओळखली. अनोळखी माणूस बसला की हाच आकडा ७९ वर आला. हजारो मोजबिंदू असून! त्यामुळे पाच-सहा सेन्सरच्या घरगुती खुर्चीने पाव्हण्याला 'डावीकडे कललात' म्हटलं तर पाव्हण्याने मनावर घेऊ नये.

आमच्याकडे हेच झालं. नवरा बसला की ॲपवरचं चित्र उजव्या अंगाने लाल व्हायचं. तो सरळ व्हायचा, पुन्हा लाल. डावीकडे झुकून बघितलं, तर हिरवं. म्हणजे वाकडं बसलं की शाबासकी! दोन दिवस आम्ही खुर्चीला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याने पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढून टेबलावर टाकलं आणि चित्र हिरवं झालं. खुर्चीचं बरोबर होतं. तो खरोखरच रोज एका बाजूने वर उचललेला बसत होता. हे पाकीट गेली कित्येक वर्षं त्याच खिशात असायचं.

दुसरी चूक सेन्सरच्या स्वभावातली. त्या स्वस्त चकत्यांवर एकाच जागी सतत भार राहिला तर भार तेवढाच असूनही आकडा हळूहळू सरकत जातो. आणि खुर्चीवर भार एकाच जागी सतत राहणार नाही तर काय होणार! चांगल्या कंपन्या तुम्ही उठलात की शून्य पुन्हा जुळवून घेतात. म्हणून मधूनमधून उठणं तुमच्याइतकंच खुर्चीच्याही भल्याचं आहे.

आणि मांडी घालून बसाल तर तिचा पार गोंधळ उडतो. माझी खुर्ची मांडीला 'खुर्चीवर वस्तू ठेवली आहे' असं समजते.

ही खुर्ची ढब 'सुधारते' असं जाहिरातीत म्हणतात, म्हणजे नेमकं काय करते? धरून ताठ करते का?

नाही, आणि करू लागली तर पळून जा. बाजारातल्या बहुतेक खुर्च्या फक्त आठवण करतात. ठराविक वेळ एकाच चुकीच्या ढबीत राहिलात की बैठक थरथरते किंवा फोनवर सूचना येते. सुधारायचं तुम्ही. हवेच्या पिशवीवाली खुर्ची एक पाऊल पुढे जाते: कंबर मागून सुटली की पिशवी फुगून पोकळी भरते. पण ती तुम्हाला ढकलत नाही, तुमच्या मागे मागे येते. पुढे सरकलात तर ती हवेत फुगून बसेल, एवढंच.

घेताना एक प्रश्न जरूर विचारा: इशारा किती वेळाने यावा हे बदलता येतं का? माझ्या खुर्चीत सुरुवातीला तो अर्ध्या मिनिटावर होता. पेन उचलायला वाकलं तरी गुरगुर. तो मी पंधरा मिनिटांवर नेला तेव्हा कुठे आमचं जमलं.

पण 'योग्य' ढब कोणती, हे ठरवलं कोणी?

या प्रश्नाचं उत्तर गुंतागुंतीचं आहे, आणि खुर्ची विकणाऱ्याला तो विचारला की विषय बदलतो.

खुर्चीने कंबरेच्या कमानीला आधार द्यावा, हा विचार स्वीडनच्या बेंग्ट ओकरब्लूम यांनी १९४८ मध्ये मांडला. १९५३ मध्ये अमेरिकी शल्यविशारद कीगन यांनी माणसांचे वेगवेगळ्या ढबींत एक्स-रे काढले आणि दाखवलं की मांडी काटकोनात वाकली की कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते. १९६० च्या दशकात स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी तर जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असतानाचा दाब १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० च्या घरात जातो, हे त्यांचं चित्र पुढे जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागलं. 'बसणं वाईट, वाकून बसणं आणखी वाईट' ही समजूत बरीचशी तिथली.

मग १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने हेच मोजलं. एकच स्वयंसेवक, पण चकतीत बसवलेला सेन्सर दिवसभर त्याच्या अंगात. उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक), सैल बसल्यावर ०.४६, मुद्दाम ताठ बसल्यावर ०.५५. आणि खुर्चीत पुढे घसरून, पाठ टेकून ऐसपैस पसरल्यावर? ०.३ च्या आसपास. म्हणजे ज्या ढबीला माझी खुर्ची लाल रंग देते, तिच्यात त्या माणसाच्या चकतीवर या चारांतला सगळ्यात कमी भार होता.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला २२ निरोगी माणसांचे बसलेल्या अवस्थेत एमआरआय काढले गेले. त्यातही ताठ काटकोनापेक्षा १३५ अंशांत मागे रेललेली बैठक चकतीला सोयीची ठरली. पण १३५ अंशांत रेलून टंकलेखन करून बघा. दहा मिनिटांत मान पुढे काढून बसाल.

एका माणसावरून किंवा बावीस जणांवरून सगळ्यांसाठी नियम काढू नये, आणि चकतीवरचा दाब म्हणजे दुखणं नव्हे. पण 'पाठ ताठ, गुडघे काटकोनात, तेच बरोबर' हे जे चित्र ॲपमध्ये हिरवं दिसतं, ते निसर्गाने घालून दिलेलं नाही. ते कोणीतरी निवडलेलं आहे.

मग दिवसभर हिरवं राहायचा प्रयत्न करू नको का?

मी केला होता. पहिल्या आठवड्यात ॲपने रोज ९२-९५ गुण दिले, शाळेतही मिळाले नव्हते इतके. शनिवारी खांद्यांच्या मधली जागा अशी धरली की मान वळवता येईना. ताठ राहायला स्नायूंना सतत काम करावं लागतं, आणि सतत काम केलेला स्नायू अवघडतो. आता मी गुणांकडे बघतच नाही. ॲपमध्ये 'सलग एकाच ढबीत किती वेळ' असा एक आकडा कोपऱ्यात लपवलेला आहे, तेवढा बघते. तो वीस-पंचवीस मिनिटांच्या वर गेला नाही की झालं. त्या वीस मिनिटांत मी पोक काढून बसले का मांडी घालून, याच्याशी खुर्चीला काय करायचंय!

पाठदुखी जाईल का?

याची हमी कोणी देत असेल तर सावध व्हा. नेदरलँड्समध्ये ४५ कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सेन्सरची, थरथरून इशारा देणारी खुर्ची १२ आठवडे दिली होती; त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. खुर्चीने बसण्याची नोंद छान ठेवली, पण इशाऱ्यामुळे लोकांचं बसणं किंवा त्यांचं दुखणं फारसं बदललं नाही. मला यात काही नवल वाटत नाही. गजराची सवय होते तशी थरथरीची होते. दुसऱ्या महिन्यात माझी खुर्ची थरथरायची आणि मी कुशीवर वळल्यासारखी जराशी हलून पुन्हा तिथेच.

मला जो फरक पडला तो आठवड्याच्या आलेखाने. मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी जागची हललेच नव्हते, तीन तास, अखंड पट्टा. मला वाटत होतं मी सारखी उठते. मंगळवारी त्या वेळात असणारी मीटिंग मग मी फोनवर घ्यायला लागले, फेऱ्या मारत.

दुखणं पायात उतरत असेल, पाय लुळा वाटत असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर खुर्च्या बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मानेचं काय?

खुर्चीला मान कळत नाही. कुल्ले जागेवर, पाठ टेकलेली, आणि डोकं फोनमध्ये खुपसलेलं असेल तरी ॲप हिरवंच. डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास असतं. २०१४ मध्ये मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी गणिती प्रारूपातून काढलं की मान ६० अंशांत झुकली तर मानेच्या कण्यावरचा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हा हिशेब आहे, मोजमाप नव्हे, पण दिशा कळायला पुरेसा. मानेचा इलाज खुर्चीत नाही, पडद्याच्या उंचीत आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा. लॅपटॉप असेल तर खाली जाडजूड पुस्तकं आणि कीबोर्ड वेगळा.

पूर्ण खुर्ची न घेता नुसती सेन्सरची गादी घेतली तर?

आधीची खुर्ची चांगली असेल तर मी तेच सुचवीन. पण गादी सरकते, आणि सरकली की तिचा नकाशाही सरकतो. खालून घट्ट बसणारी घ्या. शिवाय गादीमुळे बसायची उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढते, म्हणून खुर्ची तेवढी खाली घ्यायला विसरू नका. पाठीचं मात्र गादीला काही कळत नाही.

आणली. पहिल्या दिवशी काय करू?

ॲप उघडू नका. आधी खुर्ची साध्या खुर्चीसारखी लावून घ्या. उंची अशी की तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. मागे सरकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कड तिथे रुतली तर पायाला मुंग्या येतात. कंबरेचा आधार पट्टा बांधतो त्याच्या जरा वर. हात टेबलावर ठेवल्यावर खांदे वर चढत असतील तर टेबल उंच आहे. ते खाली जात नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट द्या. पाठीच्या भागाचा मागे झुकण्याचा ताणही सैल करून बघा. अनेकांच्या खुर्चीत तो वर्षानुवर्षं कुलूपबंद असतो.

मग ॲप. सुरुवातीची जुळणी करताना, म्हणजे खुर्चीला तुमची ढब शिकवताना, 'तुमच्या आदर्श ढबीत बसा' असं सांगतात आणि आपण फोटोला बसल्यासारखे छाती काढून बसतो. तिथेच घोटाळा होतो, कारण पुढे दिवसभर खुर्ची तुमची त्या फोटोशी तुलना करते. दोन-तीन तास काम झाल्यावर, नेहमीचे कपडे घालून, खिसे रिकामे करून जुळणी करा.

बॅटरी, धुणं, बिघाड?

बॅटरी प्रकारानुसार काही आठवडे ते काही महिने चालते. खोळ निघत असेल तर ती धुता येते, सेन्सरचा थर नाही. त्यावर चहा सांडला तर पुसा, वाळवा आणि आशा ठेवा. आधी बिघडतात त्या वायरी, विशेषतः पाठ मागे झुकते त्या सांध्यातल्या. हमीपत्रात सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची मुदत बहुधा वेगवेगळी असते, ती दुसरी बघा. आणि कंपनीने ॲप बंद केलं तरी खुर्ची निदान थरथरेल का, हे विचारून घ्या.

ऑफिसने दिली तर मी किती वेळ जागेवर होते हे साहेबांना कळेल?

कळू शकतं. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, एवढं तर बहुतेक खुर्च्या नोंदवतात. २०११ मध्ये टोकियोतल्या संशोधकांनी ३६० सेन्सरचं कारचं आसन बनवलं होतं, चोरी रोखण्यासाठी. बसण्याच्या ठशावरून ते चालक ९८ टक्के वेळा ओळखायचं. म्हणजे ठसा पुरेसा बारीक असेल तर तो अंगठ्याच्या ठशासारखाच तुमचा असतो. नाव काढून टाकलं की माहिती निनावी झाली, हे खुर्चीच्या बाबतीत सरसकट खरं मानू नका.

२०१६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत टेबलांखाली माणसाची हजेरी टिपणारी यंत्रं न सांगता बसवली गेली होती. सकाळी ती लोकांच्या नजरेस पडली, आणि ओरडा झाल्यावर त्याच दिवशी काढावी लागली. ऑफिसची खुर्ची स्वीकारताना लेखी विचारा: माहिती फोनवरच राहते की सर्व्हरवर जाते, कोण बघतं, कधी पुसतात. उत्तर गुळमुळीत आलं तर ब्लूटूथ जोडूच नका. थरथर बहुतेकदा त्याशिवायही चालते.

मुलांसाठी घ्यावी का?

नको. मुलं चुळबुळ करतात, आणि तेच बरोबर आहे. खुर्ची ती चुळबुळ चूक म्हणून मोजेल.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांना उपयोग आहे का?

सगळ्यात खरा उपयोग तिथेच आहे. आपल्याला अवघडलं की आपण नकळत हलतो. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे ज्यांना कंबरेखाली संवेदना नाही, त्यांना ते अवघडणंच कळत नाही, आणि त्या दोन हाडांखालची त्वचा दबून जखमा होतात. म्हणून त्यांना दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवायला शिकवतात. इथे दाबाचा नकाशा मोलाचा ठरतो. फक्त इशारा बैठकीच्या थरथरीतून नको, ती जाणवणारच नाही; मनगटावर किंवा आवाजात हवा. गादीची निवड मात्र उपचार करणाऱ्यांना विचारूनच.

जुनी झाली, कोणाला द्यायची आहे. काही करायला हवं?

आधी ॲपमधून तुमच्या नोंदी पुसा, मग खुर्ची खात्यातून काढा, मग ती मूळ अवस्थेला आणा, याच क्रमाने. मी उलटं केलं. मध्यंतरी खुर्ची काही आठवडे बहिणीकडे वापरायला गेली होती आणि पुढचे तीन आठवडे ती कधी बसते, कधी उठते हे मला रोज रात्री कळत होतं. तिनेच शेवटी फोन करून विचारलं, 'ताई, तुला कसं माहीत मी काल दोन वाजेपर्यंत जागी होते?'